फोटो कोणी काढला?

जुने फोटो स्कॅन करायला बसलं की फोटो कमी आणि किस्से जास्त निघतात, हा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे. फोटोला फोल्डर असतो, फाइलला नाव असतं. किस्सा मात्र चहाबरोबर येतो आणि कप विसळले की जातो. माझा नवरा म्हणतो, "दर शनिवारी एकटीच हसत घरी येतेस, आम्हालाही सांग की कधीतरी." सांगायला बसले की त्याचा फोन वाजतो. म्हणून आता लिहूनच काढते.

आधी मंडळी सांगते, म्हणजे गोंधळ नको. कॅनडातल्या साध्या माणसांचं रोजचं आयुष्य जपणारी एक वेबसाइट आहे. कोणाच्या आजोबांचा जेवणाचा डबा, कोणाच्या स्वयंपाकघरातली शेगडी, कुठल्या गावाची हॉकी टीम, असं काय काय तिथे बघायला मिळतं. टोरोंटोजवळच्या वॉनचे वामनकाका एकदा ती चाळत बसले आणि त्यांना खटकलं की यात मराठी माणूस कुठेच नाही. काका त्र्याऐंशी वर्षांचे, रिटायर्ड इंजिनियर, सत्तरच्या दशकात गिरगावातून इथे आलेले. त्यांनी ठरवलं की आपल्याबरोबर आलेल्या त्या पहिल्या वीसेक कुटुंबांचे फोटो गोळा करून वर चढवायचे.

मदतीला दोघं मिळाले. एक प्रसाद, पुण्याचा, टोरोंटोला बँकेत आयटीमध्ये. दुसरी मी, मीनल, नागपूरची, किचनरला सॉफ्टवेअरमध्ये. काकांच्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी दुपारी आमचं दुकान लागायचं. चौथ्या सुमनमावशी. त्या काकांच्या मागच्याच रस्त्यावर राहतात. ऐंशी वर्षांच्या आहेत, पण दारातला बर्फ फावड्याने काढायचं शोव्हल स्वतः करतात. काकू गेल्यापासून आमच्या शनिवारचा चहा त्यांच्याकडे आहे, कारण काकांचा चहा पिण्यासारखा नसतो हे काका सोडून सगळ्यांना मान्य आहे.

*

पहिल्या महिन्यात काकांनी सगळ्या घरी फोन केले. "तुमच्या रोजच्या आयुष्याचे जुने फोटो आणा."

लोक उत्साहाने आले. पिशव्या भरभरून आले. आम्ही अल्बम उघडले तर पहिल्यात नायगारा. दुसऱ्यात नायगारा. तिसऱ्यात नायगारा, पण रेनकोट घालून. त्या दिवशी आम्ही एकाच रेलिंगसमोर उभी असलेली अकरा कुटुंबं पाहिली. कोणी साडीवर स्वेटर घातलेला, कोणी टाय लावलेला, आणि मागे धबधबा बिचारा तसाच पडतोय.

"काकू, नायगारा नको," मी एकीला समजावत म्हटलं. "त्याचे फोटो वेबसाइटवर ढिगाने आहेत. स्वयंपाकघरातला फोटो नाही का? बर्फ काढतानाचा? डबा भरतानाचा?"

काकूंना माझी कीव आली असावी. त्या म्हणाल्या, "अगं, रोजचं आयुष्य जगायलाच वेळ पुरत नव्हता, त्याचे फोटो काढत कोण बसणार?"

त्यांचे यजमान शेजारीच बसले होते. त्यांनी अल्बम आमच्याकडे परत सरकवला. "नायगारा घ्या. आम्ही महिन्यातून दोनदा जायचो. इंडियातून कोणी आलं की जायलाच लागायचं. ते आमचं रोजचंच होतं."

मग आम्ही तीन नायगारा घेतले.

*

वेबसाइटचा एक फॉर्म आहे. प्रत्येक फोटोसाठी भरायचा. ठिकाण कोणतं, साल साधारण कोणतं, फोटोत कोण आहे, आणि शेवटी एक रकाना, फोटो कोणी काढला. फॉर्म भरणं प्रसादकडे होतं. रकाना रिकामा राहिला तर पुण्याच्या माणसाला झोप लागत नाही, त्यामुळे तो स्पीकरवर फोन लावून एकेका घराची उलटतपासणी घ्यायचा.

"फोटो कोणी काढला, काका?"

"कोणी काढला म्हणजे? आम्ही आहोत ना त्यात."

"तुम्ही आहात हो, पण समोर कॅमेरा धरून कोण होतं?"

पलीकडून घरात कोणालातरी विचारल्याचा आवाज. मग, "अहो, कोणीतरी असेल. तुम्हाला आमची नावं पाहिजेत ना? मग लिहा, डावीकडून मी, ही, आमचा मोठा..."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरच्या काकू तर रागावल्याच. "फोटो काढणारा काय महत्त्वाचा? उद्या विचाराल, इस्त्री कोणी केली!"

आठ घरं झाल्यावर प्रसादने हात टेकले. त्या रकान्यात आपोआप 'अज्ञात' उमटेल अशी सोय त्याने केली. "कॅनडातला सगळ्यात मेहनती मराठी माणूस," तो म्हणाला, "श्रीयुत अज्ञात."

आम्ही हसलो. सुमनमावशी ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "चहा गार होतोय."

*

एका शनिवारी काका भिंग घेऊन बसले होते. मोठ्या आवाजात म्हणाले, "इकडे या दोघंही. ही गाडी बघा."

लाल रंगाची लांबलचक गाडी. बॉनेटवर हात ठेवून एक तरुण जोडपं. फॉर्ममध्ये शीर्षक होतं, 'आमची पहिली गाडी.'

"आता ही बघा." दुसरं घर, दुसरं जोडपं, लाल लांबलचक गाडी. 'आमची पहिली गाडी, नुकतीच घेतली तेव्हा.' तिसरं घर. चौथं घर. काकांनी चारही फोटोंतल्या नंबरप्लेटवर भिंग धरलं. नंबर एकच.

आता काय करायचं? वेबसाइटवर खोटं चढवायचं नाही, हा काकांचा नियम. मी त्यातल्या एका काकूंना फोन लावला. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आधी ऐकून घेतलं, मग इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

"अगं, ती खालच्या इटालियन माणसाची गाडी. आम्ही सगळे एकाच बिल्डिंगमध्ये होतो ना. घरी पत्र जायचं तर त्याच्याबरोबर काहीतरी नको का? आई-वडिलांना वाटायचं, पोरं उपाशी आहेत की काय. रविवारी आम्ही खाली उतरायचो आणि आळीपाळीने उभे राहायचो. मी घाबरत होते, तो माणूस बघेल म्हणून. तर फोटो काढणारी म्हणाली, ठेव गं हात बॉनेटवर, आजच्यापुरती आपलीच आहे."

"मग शीर्षक बदलू का काकू?"

"माझ्या सासूबाई गेल्या ना, त्या मनाशी हेच धरून गेल्या की मुलाकडे लाल गाडी आहे. शेजारणींना दाखवायच्या तो फोटो. बदल तू, खरं तेच लिहायला पाहिजे. पण असं लिही की त्यांनी वाचलं असतं तरी त्यांना वाईट वाटलं नसतं."

प्रसादला असं काही सांगितलं की तो एरवी वाद घालतो. या वेळी त्याने मुकाट्याने लिहिलं, 'लाल गाडी आणि चार कुटुंबं.'

त्या काकूंनी "काढणारी" म्हटलं होतं. आमच्यापैकी कोणीही विचारलं नाही की काढणारी कोण.

*

फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची, हा काकांचा दुसरा नियम. प्रसादचं म्हणणं होतं की मागे असतं काय, डिंकाचे डाग. पण काका ऐकेनात. यातले बरेच फोटो पत्राबरोबर भारतात गेले होते आणि तिथली घरं आवरताना मुलांकडे परत आले होते. त्यामुळे मागे मजकूर असायचा.

कोणाच्या मागे किराणा मालाची यादी. कोणाच्या मागे फक्त "थंडी फार, तब्येत उत्तम." कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक मराठी आकडे, ३/१२, ७/४ असे. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या फोटोंवरही तसेच आकडे. प्रसाद म्हणाला, "दुकानवाल्याने टाकले असतील," आणि फॉर्ममध्ये लिहिलं, 'मागे काही आकडे.' कॅनडातल्या दुकानात मराठी आकडे कोण टाकणार, हा प्रश्न आम्हा तिघा सुशिक्षितांपैकी एकालाही पडला नाही.

एकदा एक आजोबा स्वतः अल्बम घेऊन आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, कडक शिस्तीचे, हसण्यावर कर असल्यासारखे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मी एक फोटो उचलला. लग्नानंतर इथे आल्यावरचा पहिला, दोघं जॅकेटं घालून बाल्कनीत. उलटा करून स्कॅनरवर ठेवला आणि मागचं अक्षर स्क्रीनवर मोठं झालं. बायकोने आपल्या आईला लिहिलं होतं:

"फोटोत हे रागावल्यासारखे दिसतात. तसे नाहीत. काल माझे पाय गार पडले तर स्वतःचे मोजे काढून दिले. काळजी करू नये."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोनदा वाचलं. हा फोटो परत येऊन वर्षं झाली होती, पण त्यांनी तो कधी उलटून पाहिला नव्हता.

"हे सगळ्या जगाला दिसणार का?" त्यांनी विचारलं.

"तुमची इच्छा नसेल तर मागची बाजू नाही टाकत, आजोबा."

"दिसू दे," ते म्हणाले. आणि जाताना प्रसादला सांगून गेले, "लोकांचा उगाच गैरसमज आहे माझ्याबद्दल."

*

एका बाळावरून झालेला घोळ सांगितलाच पाहिजे. निळ्या स्नोसूटमध्ये गुंडाळलेलं बाळ, बर्फात बसवलेलं, नुसतं नाक दिसतंय. तोच फोटो दोन घरांतून आला. दोन्ही घरांचं म्हणणं, हा आमचा मुलगा.

काकांनी दोन्ही आयांना शनिवारी बोलावलं. दोघी जुन्या मैत्रिणी. पहिली दहा मिनिटं गोडीत गेली. मग एक म्हणाली, "नाक बघ ना, आमच्या घरचं नाक आहे." दुसरी म्हणाली, "सगळ्याच बाळांचं नाक तसंच असतं, तुमच्या घरचं नंतर झालं."

शेवटी प्रसादने दोन्ही मुलांना व्हिडिओ कॉल लावला. दोघंही आता पन्नाशीचे. एक ऑफिसातून बोलत होता. फोटो बघून म्हणाला, "मॉम, आय हॅव नो आयडिया. इट्स अ स्नोसूट." दुसरा म्हणाला, "कॅन वी डू धिस आफ्टर माय मीटिंग?"

फोन ठेवल्यावर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग पहिली म्हणाली, "पण स्नोसूट माझा होता हं. मी तुला दिला, तू पुढे तिसरीला दिलास."

"हो, स्नोसूट तुझाच," दुसरीने मान्य केलं. "चेन अडकायची त्याची."

वेबसाइटवर आता असं आहे: 'बाळ अज्ञात. स्नोसूट ओळखीचा.'

*

आता माझा स्वतःचा पराक्रम.

जुने फोटो वाकडे असतात, कडेला रिकामी जागा असते. हाताने एकेक सरळ करायचा तर जन्म जाईल. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो फोटोतले चेहरे शोधायचा, चेहरे जिथे संपतात तिथून पुढची रिकामी जागा कापायचा, आणि फोटो नीट चौकटीत बसवायचा. एका दुपारी चारशेच्या वर फोटो झाले. मी खुर्चीत मागे टेकून बसले. नागपूरच्या माणसाने स्वतःची पाठ स्वतः थोपटायची नसते असं काही नाही.

काकांना ते आवडलं नाही. "मूळ स्कॅनला हात लावायचा नाही."

"मूळ कुठे जातंय काका? पण वर चढवायला हेच चांगले."

काकांनी मूळ स्कॅनच्या तीन प्रती ठेवल्या होत्या. एक हार्ड ड्राइव्ह कपाटात हिवाळ्याच्या बुटांमागे, एक टोरोंटोला मुलीकडे, आणि एक स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांशेजारच्या स्टीलच्या डब्यात. कारण विचारलं तर म्हणाले, "घर जळालं तरी बायका डबे आधी काढतात." प्रसाद आणि मी त्यावर महिनाभर हसलो.

त्या दिवशी मी जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून काकांना दाखवत होते. "बघा काका, या सगळ्या ग्रुप फोटोंत उजवीकडे केवढी जागा वाया गेली आहे. प्रत्येक वेळी उजवीकडेच. काढणाऱ्याला अजिबात अंदाज नव्हता."

सुमनमावशी मागे उभ्या होत्या. "हो का?" म्हणाल्या आणि माझा कप माझ्यापुढे ठेवला. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या. मला त्यात काही वाटलं नाही. आज वाटतं.

*

गेल्या हिवाळ्यात काम संपत आलं. ज्या ज्या घराने फोटो दिले त्या घराचं वेबसाइटवर एक पान झालं होतं. सुमनमावशींचं नव्हतं. काकांनी विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काही नाही हो वामनराव. सगळी निगेटिव्ह आमच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हा गेली. हेल्थ कार्डावर आहे माझा फोटो, तो देऊ का?"

आम्ही हसलो. मावशी कप विसळायला वळल्या आणि आमच्याकडे पाठ असतानाच बोलल्या. सहज बोलल्यासारखं, पण सहज नव्हतं.

"आमच्या रियाला कॉलेजात प्रोजेक्ट आहे. घरातली माणसं इथे कशी आली, त्याचं. तिने तुमची वेबसाइट सगळी पाहिली. मला म्हणाली, आजी, यू आर नॉट इन एनी ऑफ दीज. वर यू इन इंडिया देन?"

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, होते गं इथेच. ती म्हणाली, ओके. पण तिने लिहिलं नाही."

मावशी घरी गेल्यावर काका म्हणाले, "प्रत्येक दिवाळीला त्या होत्या. प्रत्येक पिकनिकला होत्या. एक तरी सापडलाच पाहिजे."

दोन शनिवार आम्ही तेच केलं. वेबसाइटवरचा एकेक फोटो उघडून सुमनमावशींना शोधत होतो. दिवाळीत नाहीत. बारशात नाहीत. पिकनिकला सगळी बिल्डिंग आहे, मावशींचे यजमानही आहेत, मावशी नाहीत. प्रसाद तर मागच्या खिडक्यांमधली प्रतिबिंबं बघायला लागला.

तिसऱ्या शनिवारी काका वर गेले आणि स्टीलचा डबा घेऊन खाली आले. हार्ड ड्राइव्हला डाळीचा वास येत होता. त्यांनी माझ्या प्रोग्रॅमचा हात न लागलेले मूळ स्कॅन उघडले. पिकनिकचा फोटो आला. ओळीत अकरा माणसं, आणि उजवीकडे रिकामी जागा. दिवाळीचा आला. उजवीकडे रिकामी जागा. बारशाचा आला.

"थांब," काका म्हणाले. "मोठा कर."

ओळीच्या उजव्या टोकाला तिशीतले वामनकाका होते, भरपूर केसांचे. त्यांचा डावा हात कमरेवर होता आणि कोपर बाहेर काढलेलं होतं, शेजारी कोणी सरकू नये म्हणून काढतात तसं. कोपराच्या पलीकडे एका माणसाची जागा. त्या जागेसमोर गवतावर एक पर्स ठेवलेली.

काका स्क्रीनकडे बघत खुर्चीत बसले.

"सुमनवहिनींची पर्स आहे ती. त्या ड्रगस्टोअरमध्ये फोटो धुवायच्या काउंटरवर कामाला होत्या. आमच्यात कॅमेरा फक्त त्यांच्याकडे. सगळ्यांना उभं करायच्या आणि म्हणायच्या, उजवीकडे जागा ठेवा हं, एक काढते आणि मी आले. मग फोटो निघायचा. आणि कोणीतरी म्हणायचं, झालं ना? चला, जेवायला बसू."

"मग त्यांचा कोण काढायचं?" प्रसादने विचारलं.

काकांनी स्क्रीनवरच्या पर्सवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माझ्याकडे हिचे जेवढे फोटो आहेत, रोज सकाळी ज्यांच्याकडे बघतो, तेवढे सगळे वहिनींनी काढलेत. आणि मी एकदाही म्हटलं नाही की द्या तो कॅमेरा इकडे."

मला त्या क्षणी माझ्या प्रोग्रॅमची इतकी लाज वाटली की काय सांगू. चारशे फोटोंतून मी नेमकी तेवढीच एक जागा कापून टाकली होती, आणि वर त्यांच्यासमोर त्यांना अंदाज नव्हता असं म्हणाले होते.

आम्ही तिघं तसेच उठून मागच्या रस्त्यावर गेलो. मावशी शोव्हल करत होत्या. प्रसादला ते मराठी आकडे आठवले होते; फोटोंच्या मागच्या बाजूचे प्रिंट त्याने निघताना काढून आणले होते, ते पुढे केले. मावशींनी हातमोजा काढला आणि कोपऱ्यातल्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"माझेच आहेत. पहिला रोलचा, दुसरा फोटोचा. काउंटरवर ऑर्डरचे आकडे इंग्रजी असायचे, त्यात मिसळू नयेत म्हणून मी आपले मराठीत टाकायचे."

"मावशी, मी त्या दिवशी जे बोलले..." मी म्हटलं.

"अगं, बरोबरच बोललीस. अंदाज नव्हताच मला. मला दर वेळी वाटायचं, आज कोणीतरी म्हणेल." मग त्यांनीच मला हसवायला म्हटलं, "आमच्या ह्यांनी काढला होता हो एकदा. अर्ध्या फोटोत त्यांचं बोट. बोटामागे मी. तोही पाण्यात गेला."

पुढचे चार आठवडे आम्ही कापलेले फोटो उतरवून मूळचे चढवत होतो. उजवीकडच्या जागेसकट. प्रसादने एकेक फॉर्म उघडून 'अज्ञात' खोडलं आणि तिथे मावशींचं पूर्ण नाव लिहिलं. हे तो प्रोग्रॅमने दोन मिनिटांत करू शकला असता. त्याने सगळे हाताने केले.

*

काम संपलं त्या शनिवारी मावशींनी चहाबरोबर साटोऱ्या आणल्या होत्या. निघता निघता प्रसाद म्हणाला, "एक ग्रुप फोटो पाहिजे." त्याने फोन बाहेर काढला.

मावशींनी पदराला हात पुसले आणि पुढे केले. "आण इकडे. उभे राहा सगळे."

"वहिनी," काका म्हणाले, "तुम्ही इकडे या."

मावशी गोंधळल्या. त्यांचा हात पुढेच होता. मग आल्या आणि आमच्या ओळीत उभ्या राहिल्या. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी एका हाताने त्यांनी माझा दंड धरला. प्रसादने फोन वर केला.

"थांब रे," मावशी म्हणाल्या. त्यांनी मला आणि काकांना डावीकडे सरकवलं, स्वतःही सरकल्या, आणि उजवीकडे एका माणसाची जागा करून उभ्या राहिल्या. "हां, आता काढ. आणि मग ये इथे."

प्रसादने काढला. मग म्हणाला, "टायमर लावतो ना, सगळेच येऊ."

"टायमर नको," काका म्हणाले. ओळीतून बाहेर पडून, गुडघ्यावर हात टेकत ते प्रसादपर्यंत चालत गेले. "दे इकडे. तू जा तिकडे. मी काढतो."

मावशी दर वेळी सगळ्यांना सरकवून उजवीकडे जागा करत होत्या. काकांनी काढला. काकांचा झाल्यावर मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि त्यांना ओळीत पाठवलं.

ते तीनही फोटो आता वेबसाइटवर आहेत. तिन्हींत उजवीकडे एक जागा रिकामी आहे. पहिल्यात प्रसाद नाही, दुसऱ्यात काका नाहीत, तिसऱ्यात मी नाही. सुमनमावशी तिन्हींत आहेत.